बोलणाऱ्यांची नावे

जिंतूरच्या बसस्टँडवर मागे एका कंडक्टरने मला तिकीट देता देता वाकून नमस्कार केला आणि भरल्या गाडीत जाहीर केलं, "ह्या आमच्या बाई. ह्यांनी मला लय खेपा कोंबडा केलंय." सगळी गाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. या मुलाला मी हातचा घेऊन वजाबाकी शिकवली, जोडाक्षरं शिकवली, नकाशात परभणी कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. त्यातलं त्याला काही आठवत नव्हतं. कोंबडा आठवत होता. वर कौतुकाने म्हणाला, "पन छडी न्हाई लावली कधी. बाईंचा आवाजच पुरत होता."

आवाजाचं खरं आहे. माझं माहेर सेलूचं, जिनिंगच्या भिंतीला लागून घर. कापसाच्या हंगामात मशिनी सुरू झाल्या की जेवताना मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. ती सवय नोकरीत कामाला आली. बोरीच्या अलीकडच्या एका गावात मी बरीच वर्षं शिकवलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या खोड्या सांगणार आहे त्यांतले काहीजण आता मिशीवाले झाले आहेत. तिथल्या मुलांनी माझं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. ते मला ठाऊक नाही असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, आणि मीही वाटू दिलं.

निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक म्हणतात, बाई, शिक्षणाबद्दल काहीतरी लिहा. शिक्षणाबद्दल लिहायला मोठमोठी माणसं आहेत. मला नीट येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुलांना गप्प बसवणं. निम्मी नोकरी त्यातच गेली, तेव्हा त्याबद्दलच लिहावं म्हणते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मास्तरीण वर्गात जाते, शिकवते आणि बाहेर येते. आमची शाळा दोन शिक्षकांची. हेडसरांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी, दोन्ही एकाच खोलीत. तिसरीला गुणाकार सांगताना चौथी मोकळी आणि चौथीला धडा सांगताना तिसरी मोकळी. मोकळं मूल म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्याला कळतं. त्यात खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, कुठलीशी माहिती 'आजच्या आज' भरून पाठवायची, आणि कुणाचा तरी दात पडलेला असायचा तो बघायचा. रात्र थोडी आणि सोंगं फार.

पूर्वी यावर छडी हा एकच उपाय होता आणि पालकांची त्याला ना नसे. मी नवी असताना एक आजोबा नातवाला घेऊन आले, सोबत निरगुडीची फोक. साल काढून, गाठी तासून, तेल लावून आणली होती. "बाई, मांस तुमचं, हाडं आमची," म्हणाले आणि फोक माझ्या हातात अशी ठेवली की जणू पहिल्या कणसाची भेट आणली आहे. नातू शेजारी उभा राहून त्या फोकेकडे बघत होता. मी ती कपाटावर ठेवून दिली आणि पुढे तिचा उपयोग खिडकीच्या वरच्या कडीला झाला, तिथे माझा हात पोचत नसे. पुढे छडीला बंदीच आली. बरं झालं, हे मी मनापासून लिहिते. मारून गप्प बसवलेल्या वर्गात शिकवायला मला कधी आवडलं नाही.

छडी गेली आणि नोंदी आल्या. प्रत्येक मुलाच्या वागणुकीबद्दल प्रगतिपत्रकात वाक्य लिहायचं, आणि ते चांगलंच असलं पाहिजे. मन दुखावेल असा शब्द नको. मग आम्ही शिक्षक एक वेगळीच भाषा शिकलो. जो एका जागी बसत नाही, तो 'सतत क्रियाशील असतो'. जो दुसऱ्याच्या दप्तरात हात घालतो, तो 'परिसरातील वस्तूंबद्दल जिज्ञासा दाखवतो'. जो मधल्या सुट्टीत दोघातिघांना लोळवतो, त्याच्यात 'नेतृत्वगुण दिसतात'. एकदा एक बाप प्रगतिपत्रक घेऊन थेट वर्गात आला. "बाई, माझं पोरगं रोज कुनाचं तरी डोस्कं फोडून यायलंय, अन् तुमी हितं पुढारी व्हईल म्हून लिवलंय?" मी म्हटलं, "भाऊ, दोन्हींत तुम्हाला फार फरक वाटतो का?" बिचारा हसत परत गेला.

याच भाषेत एक वाक्य फार सोयीचं होतं. 'शांत व आज्ञाधारक.' खरं सांगायचं तर नोंदी लिहायला बसल्यावर ज्या मुलाचा चेहरा डोळ्यापुढे येत नाही, त्याच्यासाठी ते वाक्य राखून ठेवलेलं असतं. त्रास देणारी मुलं बाईंना झोपेतही आठवतात. शांत मुलं वर्गात असूनही दिसत नाहीत.

गोदावरी तिसरीत माझ्याकडे आली ती हे वाक्य घेऊनच. पहिलीत शांत व आज्ञाधारक, दुसरीतही शांत व आज्ञाधारक. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्या दत्तरावांची ही मुलगी. दोन घट्ट वेण्या, अक्षर मोत्यासारखं, आणि कानावर नेहमी थोडं पीठ. हजेरी घेताना नाव पुकारलं की 'हजर' म्हणण्याऐवजी हात वर करायची. पहिले आठ-दहा दिवस मला ती फार आवडली. मोकळ्या वर्गात एक तरी मूल गप्प बसलेलं कुणाला आवडणार नाही?

मग एक दिवस तिची मोठ्याने वाचायची पाळी आली. पुस्तक घेऊन उभी राहिली ती राहिलीच. ओठ मिटलेले आणि डोळ्यांत पाणी.

"बाई, ती बोलत नसती," विठ्ठल म्हणाला. हा आमचा वर्गातला सगळ्यांत बोलका मुलगा. "मुकी हाय ती."

"मुकी न्हाई," शिवकन्या म्हणाली. "पहिलीला बोलली होती. एकदाच."

शिवकन्या वर्गाची मॉनिटर. तिच्याबद्दल पुढे लिहीनच. तिने सांगितलं ते असं. पहिलीत असताना सकाळच्या परिपाठाला सगळ्या शाळेपुढे आपलं नाव सांगायचं होतं. गोदा पुढे आली आणि 'ग'वरच अडकली. ग, ग, ग, पण पुढे जाईना. सगळी रांग हसायला लागली. मी त्या दिवशी रजेवर होते आणि हेडसर अजून आमच्या शाळेत आले नव्हते. तेव्हाचे गुरुजी भला माणूस, पुढे त्यांची बदली झाली. मुलं आणखी हसू नयेत म्हणून ते घाईने म्हणाले, "बरं बरं, गप बस खाली."

ती बसली. आम्ही शिक्षक दिवसातून किती वेळा 'गप्प बसा' म्हणतो, त्याला मोजदाद नाही. ते कुणीही मनावर घेत नाही, हाच आमचा आधार असतो. या एका लेकराने ते मनावर घेतलं होतं, आणि आम्ही दर परीक्षेला त्याबद्दल तिला शाबासकी लिहून देत होतो.

मी सगळे उपाय केले. गोंजारलं, एकटीला व्हरांड्यात बसवून गोष्टी सांगितल्या, गोळ्या दिल्या. जितकं लाडानं विचारावं तितके ओठ आणखी घट्ट. तालुक्याच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत होते. असं करता करता ती चौथीत आली आणि हेडसरांनी विषय काढला.

"बाई, आपण मास्तर माणसं, डॉक्टर नव्हे. आपल्याकडची शाळा चौथीला संपते. पुढे मोठ्या शाळेत हिचं कोण बघणार? परभणीला न बोलणाऱ्या मुलांची निवासी शाळा आहे. तिथे राहील, शिकेल."

हेडसर वाईट माणूस नव्हते. ती शाळाही वाईट नव्हे. ज्या लेकराला ऐकू येत नाही त्याच्यासाठी अशी शाळा म्हणजे देऊळच. पण गोदाला सगळं ऐकू येत होतं. तिकडे सगळी हाताच्या खुणांनी बोलणारी मुलं, तिथे तिला तोंड उघडायची गरजच पडली नसती. आणि घरापासून तुटली असती ते वेगळंच. मी म्हटलं, "मला थोडे दिवस द्या."

"संक्रांतीपर्यंत," हेडसर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी गिरणीत गेले. दत्तराव पिठाने पांढरे झालेले, मान खाली घालून काम करणारा माणूस. गावात त्यांना कुणी फारसं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि गिरणीत बोलावं लागतही नाही. मशीन सुरू असली की बायका डबा ठेवतात, दोन बोटं चोळून 'बारीक' सांगतात नाहीतर हात हलवून 'जाड'. व्यवहार मुक्यानेच होतो. मी दारात उभी राहिले. पट्टा धडधडत होता, भिंती थरथरत होत्या, आणि गोदा स्टुलावर चढून वरच्या पेटीत कुणाची तरी ज्वारी ओतत होती. तिचे ओठ हलत होते.

मी जिनिंगच्या भिंतीला वाढलेली. मशिनीच्या आवाजातून माणसाचा आवाज निवडून काढणं मला लहानपणापासून येतं. दोन पावलं पुढे गेले आणि ऐकलं. गोदा दुपारी मी शिकवलेला धडा म्हणत होती, अख्खा, खणखणीत. माझ्यासारखे हातवारे करून. मधेच 'विठ्ठल, पुढे बघ' असं माझं दटावणंसुद्धा होतं त्यात. कुठेही अडखळत नव्हती. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यावर अडखळणार कशाला?

एवढ्यात लाइट गेली. पट्टा फटफटत थांबला, आणि त्याबरोबर तिचं तोंड अर्ध्या शब्दावर मिटलं. मग तिने मला पाहिलं आणि स्टुलावरून उतरून आत पळाली.

दत्तराव माझ्याकडे बघत होते. थांबलेल्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "ग... गिरनीत बोलती ती, बाई. म... मी बी हितंच बोलतो."

त्या माणसाने एवढं एक वाक्य माझ्यापुढे बोलण्यासाठी केवढा जोर लावला होता, ते त्यांच्या मानेच्या शिरा सांगत होत्या. मी घरी गेले आणि त्या रात्री पहिल्यांदा हिशेब मांडला, की माझ्या वर्गात मी इतकी वर्षं जी शांतता मागत होते, तीच या लेकरावर सगळ्यांत जड पडत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात गिरणी सुरू केली. जुन्या शाळांतून शेवटच्या तासाला सगळे मिळून पाढे म्हणत, ती पद्धत परत आणली. तिसरी एकीकडून बाराचा पाढा, चौथी दुसरीकडून सतराचा, दोन्ही एकदम आणि जमेल तेवढ्या मोठ्याने. मग कविता, मग धडे, सगळं आरोळ्या देत. मुलं खूश. माझ्यासारखी गप्प बसवणारी बाई ओरडा म्हणते, म्हणजे काय! झाडावरची पाखरं उडून गेली, शेजारच्या शेतातला सालगडी कुंपणाशी येऊन विचारून गेला, "बाई, लेकरायला काय झालं वो?" त्या गोंगाटात मी पाठमोरी होऊन फळा पुसत उभी राही आणि कान मागे लावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा आवाज ओळखू आला. बारीक, पण खणखणीत.

याच दिवसांत एक साहेब तपासणीला आले. जाताना शेरा लिहिला, 'वर्गात गोंगाट. शिस्तीकडे लक्ष द्यावे.' आम्हा शिक्षकांनाही दरसाल वागणुकीचे शेरे मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. आयुष्यभर लेकरांना शेरे दिले, आता माझी पाळी आली. हेडसरांचं तोंड उतरलं. मला राग आला तो गिळला. गोदाचं नाव सांगितलं असतं तर साहेबांनी तिला उभं करून 'बोल बेटा' म्हटलं असतं, आणि सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

पण गोंगाट थांबला की ती थांबत होती. एकदा माझ्या मनात आलं, सगळ्यांना हाताने अचानक थांबवावं, म्हणजे तिचा आवाज एकटा उघडा पडेल. हात उचललासुद्धा होता. समोर ती डोळे मिटून, मान डोलावत कविता म्हणत होती. मी हात खाली घेतला. लेकरू ज्या भिंतीच्या आडोशाला उभं आहे, ती भिंत आपणच कशी पाडायची?

आता शिवकन्येचं सांगते. मी ऑफिसात गेले की वर्ग तिच्या ताब्यात. तेव्हा ती फळ्यावर मथळा लिही, 'बोलणाऱ्यांची नावे', आणि खाली एकेक नाव. परत बोलला तर नावापुढे फुलीचा आकडा. नाव पुसून घेण्यासाठी मुलं मॉनिटरला बोरं देतात, चिंचा देतात, हे सगळ्या शाळांत चालतं. शिवकन्या बोरं खायची आणि नाव तसंच ठेवायची. छडी गेल्यावर मी या नावांसाठी एक शिक्षा काढली होती. बोलायची एवढी हौस आहे ना, मग पुढे ये आणि सगळ्यांपुढे काहीतरी बोलून दाखव. बहुतेकांना घाम फुटे. विठ्ठलला मात्र ती शिक्षा फार मानवली होती.

संक्रांत झाली. एका दुपारी हेडसरांनी दत्तरावांना बोलावून घेतलं. परभणीच्या शाळेचा कागद टेबलावर होता. मी म्हटलं, "सर, ती बोलते. मी ऐकलंय."

"गोंगाटात बोलते," हेडसर म्हणाले. "पुढच्या शाळेत तिच्यासाठी गिरणी कोण लावणार, बाई?"

दत्तराव पेन हातात घेऊन बसले होते. "तुमी श... शिकलेली मानसं. तुमी म्हनाल तसं," म्हणाले, पण पेन कागदाला टेकत नव्हतं.

"तिला विचारूया तरी," मी म्हणाले. "मान हलवून सांगेल. घेऊन येते." ती नाही म्हणाली असती तरी त्या खोलीत तिचं कुणी ऐकलं असतं, असं मला वाटत नव्हतं.

वर्गात गेले तर चिडीचूप. शिवकन्या हातात खडू घेऊन, हनुवटी वर करून उभी. फळ्यावर लिहिलं होतं:

बोलणाऱ्यांची नावे
विठ्ठल × ३
गोदावरी

मी दोनदा वाचलं. "शिवकन्या, हे काय?"

"बाई, ती बोलली."

"खोटं हाय बाई!" विठ्ठल ओरडला. "ती बोलतच न्हाई."

"बोलली. मी गप म्हन्ल्यावर बोलली. माझ्या कानानं ऐकलं."

"काय बोलली?"

"शेजारच्या पोरीला म्हन्ली, 'सरक की तिकडं.'"

मी गोदाकडे पाहिलं. कान लाल झाले होते. पाढे चालू असताना शेजारणीने बाकावर जागा अडवली होती, शिवकन्येने डस्टर आपटून वर्ग गप्प केला, आणि गोदाचे शब्द तेवढे मागे राहून गेले. सगळी गिरणी थांबली होती आणि ती बोलत होती. "खरं आहे का?" मी विचारलं. तिने मान हलवली. हो.

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. नाव पुसून टाकावं, पाठीवर हात फिरवावा, सगळ्या गावाला सांगावं. पण मी तिला माफ केलं असतं तर परत सगळ्यांतून वेगळी काढल्यासारखंच झालं असतं. चार वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव इतरांच्या रांगेत लागलं होतं. मी आवाज होता तेवढा कडक केला आणि म्हटलं, "नियम सगळ्यांना एकच. आधी विठ्ठल, मग गोदावरी."

विठ्ठलने आपली नेहमीची बोकडाची गोष्ट सांगितली. पूर्वी त्यात एक बोकड होता, त्या दिवशी तीन झाले. मग गोदा उठली आणि पुढे येऊन उभी राहिली. मी यायला उशीर लावला म्हणून हेडसर आणि दत्तराव दारात आले होते. मी त्यांना हातानेच थांबवलं.

तिने तोंड उघडलं आणि 'आमच्या' एवढं म्हणून पुढच्या 'ग'वर अडकली. ग, ग, ग. पहिलीत अडकली होती तिथेच. माझ्या जिभेवर 'राहू दे, बस' आलं होतं. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांना गप्प बसवलं, पण स्वतः गप्प बसणं किती कठीण आहे ते मला त्या दिवशी कळलं. मागच्या बाकावर ओंकार नावाचा मुलगा फिस्सकन हसला. लगेच फळ्यावर खडूचा आवाज आला. शिवकन्येने त्याचं नाव लिहून टाकलं होतं. पुन्हा कुणी हसलं नाही.

"आमच्या गि... गिरनीत," गोदा म्हणाली, "हरभऱ्यावर ग... गहू टाकत न्हाईत. पोळी ब... बिघडती. ग... गव्हावर गहू टाकतेत. ज्वारीवर ज्वारी. पप्पा आवाजावरून वळखतेत काय दळायलंय ते. म... मी बी वळखते."

दारात दत्तराव उभे होते. बाळाला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसे तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. ती अडली की ते अडत, ती सुटली की ते सुटत.

"झालं," गोदा म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. शेजारची मुलगी मुकाट्याने सरकली.

हेडसरांनी हातातला कागद दुमडून खिशात घातला. मग ऑफिसाकडे वळता वळता मला म्हणाले, "बाई, ओंकारचं नाव पुसू नका. हसला तो."

लगेच सगळं छान झालं, असं मी लिहिणार नाही. गोदाचं अडखळणं गेलं नाही. कित्येक दिवस ती दिवसाला दोन-तीन वाक्यंच बोले, तीही गरजेची. 'हजर' म्हणायला मात्र लागली. तो शब्द तिला अवघड नव्हता. वार्षिक नोंदी लिहायला बसले तेव्हा तिच्या वागणुकीपुढे मी लिहिलं, 'वर्गात बोलते.' हेडसर म्हणाले, "बाई, ही तर तक्रार झाली. अशी नोंद चालत नाही." मी म्हटलं, "असू द्या. साहेबांनी विचारलं तर माझ्याकडे पाठवा, माझी शिस्त तशीही बिघडलेली आहे."

त्यानंतर मी निवृत्त होऊन सेलूला आले. गोदा पुढे बोरीला हायस्कुलात जायला लागली. गावाची आठवण येई, पण जाणं होत नसे. परवाच्या पावसाळ्यात एक दिवस दत्तराव दारात उभे. अंगावर धुतलेला सदरा, पण कानावर पीठ होतंच.

"बाई, ग... गोदीच्या शाळेतून बोलावनं आलंय. पालकानं येऊन भेटावं म्हून. क... काय केलं पोरीनं, काय की. मला तितं बोलता येत न्हाई. तुमी चला."

मी पायात चप्पल सरकवली. बसमध्ये माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. कुणी चिडवलं असेल, परत अडकली असेल, परत सगळं बंद झालं असेल. गावात तिला मी होते, शिवकन्या होती. त्या एवढ्या मोठ्या शाळेत कोण होतं?

वर्गशिक्षिका तरुण होत्या, चेहऱ्यावरून बेजार दिसत होत्या. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि प्रगतिपत्रक पुढे सरकवलं. वर्तणुकीपुढे 'सुधारणा आवश्यक' असं होतं.

"अभ्यासात हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मी सांगून सांगून थकले. कुणाच्याही शेजारी बसवा, हिचं तोंड बंद होत नाही. तास चालू असताना बोलते. थोडी अडखळते, पण थांबत नाही. पुढच्या बाकावर आणली तर वळून मागच्यांशी बोलते. परवा तर मलाच मधे थांबवून म्हणाली, मॅडम, माझं अजून संपलं नाही. घरी जरा समज द्या तिला."

मी दत्तरावांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला तिथेच रडू फुटलं असतं. मी प्रगतिपत्रकाकडे बघत राहिले आणि अक्षरं पुसट व्हायला लागली.

दत्तराव खुर्चीत पुढे सरकले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "म... म्याडम," ते म्हणाले, "प... परत एकदा सांगा."

गिरणीवाला माणूस, त्यांना ऐकायला कमी येत असेल असं मॅडमना वाटलं. त्या त्यांच्याकडे वाकल्या आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाल्या, "तुमची मुलगी, वर्गात, फार बोलते."

"हां," दत्तराव म्हणाले. "ब... बोलती." आणि त्यांना हसू आवरेना.